सोडियम-पोटॅशियम पंपाचा ऊर्जाहिशोब: कागद-पेन्सिल घेऊन पायरीपायरीने

एका एटीपीमागे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एका रेणूमागे, तीन सोडियम पेशीबाहेर, दोन पोटॅशियम आत. शरीरक्रियाशास्त्र शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी हे सांगता येतं. पण तीनच का, चार का नाहीत? यातला कोणता आयन (विद्युतभार असलेला अणू) हलवायला जास्त ऊर्जा लागते? एटीपी कमी पडू लागलं की पंप नेमका कधी अडतो? हे विचारलं की बहुतेक जण थांबतात. ही उत्तरं पाठ करायची नसतातच. लॉगचं बटण असलेला साधा कॅल्क्युलेटर घेऊन ती तासाभरात काढता येतात, आणि एकदा स्वतः काढली की पंपाबद्दल पुढे वाचाल ती प्रत्येक गोष्ट जागच्या जागी बसते.

खालची प्रत्येक पायरी कागदावर करत जा. नुसतं वाचून चिन्हांचा गोंधळ सुटत नाही.

पायरी १: यंत्र समजून घ्या

हा पंप माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पटलात असतो. १९५७ साली डेन्मार्कच्या ऑर्हुस विद्यापीठात येन्स स्कू यांनी खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करताना सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असतील तेव्हाच जोमाने एटीपी फोडणारं एन्झाइम दाखवून दिलं. त्यासाठी त्यांना १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला.

पंपाचा मुख्य भाग म्हणजे अल्फा उपघटक: साधारण हजार अमिनो आम्लांची साखळी, जी पटलातून दहा वेळा आरपार जाते. सोबत बीटा नावाचा लहान उपघटक असतो. तो नसेल तर अल्फा नीट घडून पटलापर्यंत पोचत नाही. माणसात अल्फाचे चार प्रकार आहेत. पहिला सगळीकडे, दुसरा मुख्यतः स्नायूंत आणि मेंदूतल्या आधारपेशींत, तिसरा चेतापेशींत आणि चौथा शुक्रपेशींत.

आता चक्र. पंप आतल्या बाजूला उघडा असतो तेव्हा त्याला सोडियमची ओढ असते. तीन सोडियम जागेवर बसले की एटीपीचा टोकाचा फॉस्फेट पंपाच्याच एका अ‍ॅस्पार्टेटवर (साखळीतल्या एका अमिनो आम्लावर) चढतो आणि आतलं दार बंद होतं. क्षणभर तिन्ही आयन दोन बंद दारांच्या मध्ये अडकलेले असतात. मग पंपाचा आकार पालटतो, बाहेरचं दार उघडतं, सोडियमची ओढ संपते आणि ते निघून जातात. त्या जागी बाहेरचे दोन पोटॅशियम येऊन बसतात. फॉस्फेट गळून पडतो, बाहेरचं दार बंद होतं, नवा एटीपी येऊन चिकटला की आतलं दार पटकन उघडतं आणि पोटॅशियम आत सुटतात. म्हणजे एटीपी दोनदा उपयोगी पडतो. आधी नुसता चिकटून पोटॅशियमची सुटका लवकर करतो, आणि पुढच्या फेरीत फुटून ऊर्जा देतो.

यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणती, असं मला विचाराल तर मी दारांकडे बोट दाखवीन. दोन्ही दारं एकाच वेळी कधीच उघडी नसतात. पंप आणि चॅनेल (आयन उतारावरून आपोआप वाहू देणारं छिद्र) यांत हाच फरक आहे. पॅलिटॉक्सिन नावाचं एक सागरी विष आहे. ते या पंपाला चिकटलं की दोन्ही दारं एकदम उघडी राहू लागतात, आणि चढावर आयन नेणाऱ्या पंपाचं रूपांतर गळक्या छिद्रात होतं. इतक्या मेहनतीने साठवलेला चढ, म्हणजे आत-बाहेरच्या आयनांमधला फरक, काही वेळात सपाट होतो.

पायरी २: आकडे मांडा

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात हे लिहून ठेवा. पाठ्यपुस्तकांत थोडेफार वेगळे आकडे दिसतील, त्याने निष्कर्ष बदलत नाही.

सोडियम: बाहेर १४५, आत १२ मिलिमोल प्रति लिटर.
पोटॅशियम: बाहेर ४, आत १४० मिलिमोल प्रति लिटर.
पटलावरचं विभवांतर: आतली बाजू बाहेरच्या तुलनेत ७० मिलिव्होल्टने ऋण.
तापमान: ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३१० केल्विन.
वायू स्थिरांक ८.३१४ ज्यूल गुणिले ३१०: २.५७७ किलोज्यूल प्रति मोल.
फॅरेडे स्थिरांक ९६.४८५ गुणिले ०.०७० व्होल्ट: ६.७५ किलोज्यूल प्रति मोल.

शेवटचे दोन आकडे सारखे लागणार आहेत, त्यांच्याभोवती चौकट करा.

पायरी ३: सोडियमचा खर्च

कुठलाही आयन हलवताना दोन खाती वेगळी ठेवायची. एक संहतीचं, म्हणजे द्रवातल्या प्रमाणाचं, दुसरं विजेचं. चुका बहुतेक इथेच होतात, कारण लोक दोन्ही एकाच सूत्रात कोंबतात आणि मग उणे चिन्ह कुठे द्यायचं यावर अडखळतात. मी सूत्रात चिन्ह शोधत बसत नाही. स्वतःला सरळ प्रश्न विचारते: हा आयन चढावर चाललाय की उतारावर? चढ असेल तर खर्च, उतार असेल तर वजावट.

सोडियम कमी संहतीकडून जास्त संहतीकडे निघाला आहे. म्हणजे चढ. १४५ भागिले १२ याचा नैसर्गिक लॉग २.४९२. त्याला २.५७७ ने गुणलं की ६.४२ किलोज्यूल.

आता वीज. धन भाराचा आयन ऋण बाजू सोडून चालला आहे. आतली ऋण बाजू त्याला मागे ओढते. म्हणजे हाही चढ. खर्च ६.७५.

बेरीज १३.१७ किलोज्यूल प्रति मोल. तीन सोडियमचे ३९.५.

पायरी ४: पोटॅशियमचा खर्च

पोटॅशियम ४ वरून १४० कडे चालला आहे. चढ. ३५ चा नैसर्गिक लॉग ३.५५५, गुणिले २.५७७, म्हणजे ९.१६ किलोज्यूल. हा संहतीचा खर्च सोडियमपेक्षा जास्त आहे, तेव्हा पोटॅशियमच महाग पडणार असं इथवर वाटतं.

पण विजेचं खातं उघडा. धन आयन ऋण बाजूकडे जातोय, म्हणजे उतार. ६.७५ ची वजावट. हाती उरले २.४१. दोन पोटॅशियमचे मिळून ४.८.

एकूण खर्च ३९.५ अधिक ४.८, म्हणजे ४४.३ किलोज्यूल. त्यातला ८९ टक्के एकट्या सोडियमचा आहे. या पंपाचं नाव दोघांचं असलं तरी बहुतेक पेशींत तो जी ऊर्जा साठवतो ती सोडियमच्या चढात. पोटॅशियम समतोलापासून फार लांब नसतोच. पुढे पेशी ही साठवण कुठे खर्च करते ते पाहताना हा आकडा मनात ठेवा.

पायरी ५: एटीपीकडून येणारी जमा

एटीपी फुटल्यावर प्रमाण परिस्थितीत ३०.५ किलोज्यूल मिळतात, हे पुस्तकात असतं. आपला खर्च ४४.३. मग पंप चालतो कसा? विद्यार्थी हा प्रश्न विचारतो तेव्हा मला मनापासून आनंद होतो, कारण त्याने हिशोब खरंच करून पाहिलेला असतो.

प्रमाण परिस्थिती म्हणजे प्रत्येक घटक एक मोल प्रति लिटर. पेशीत असं काही नसतं. पेशी एटीपी भरपूर आणि मोकळा एडीपी (एटीपीचा एक फॉस्फेट गेल्यावर उरणारा रेणू) अगदी कमी ठेवते, आणि एटीपीची किंमत त्यामुळेच वाढते. समजा एटीपी ५, मोकळा एडीपी ०.१ आणि फॉस्फेट ५ मिलिमोल प्रति लिटर आहे. एडीपी गुणिले फॉस्फेट भागिले एटीपी हे गुणोत्तर काढा, पण इथे एकक मोलमध्ये घ्या, मिलिमोलमध्ये नाही. आयनांच्या वेळी वर-खाली एकच एकक असल्याने ते कटून गेलं होतं. इथे वर दोन घटक आणि खाली एक, त्यामुळे कटत नाही. ०.०००१ गुणिले ०.००५ भागिले ०.००५ म्हणजे ०.०००१. त्याचा नैसर्गिक लॉग उणे ९.२१. गुणिले २.५७७, म्हणजे २३.७ किलोज्यूलची भर. ३०.५ अधिक २३.७, एकूण ५४.२.

आणखी एक सापळा: पेशीतला बराचसा एडीपी प्रथिनांना चिकटलेला असतो. पेशी फोडून मोजलेला एकूण एडीपी या सूत्रात घातला तर जमा कमी दिसते. सूत्राला मोकळाच एडीपी हवा.

पायरी ६: ताळेबंद

जमा ५४.२, खर्च ४४.३. सुमारे ८२ टक्के ऊर्जा चढ उभा करण्यात गेली. उरलेले दहा किलोज्यूल वाया गेले असं समजू नका. चक्र एकाच दिशेने, पुरेशा वेगाने फिरत राहावं यासाठी हा फरक लागतो. जमा आणि खर्च बरोबर झाले तर पंप जागच्या जागी डोलत राहील. खर्च जमेपेक्षा वाढवला तर तो उलटा फिरून एडीपी आणि फॉस्फेटपासून एटीपी बनवतो. हे कल्पनेतलं नाही. गॅरहान आणि ग्लिन यांनी १९६० च्या दशकात माणसाच्या लाल रक्तपेशींच्या रिकाम्या पटलांवर ते प्रत्यक्ष दाखवलं.

आता सुरुवातीचा प्रश्न. चार सोडियम आणि दोन पोटॅशियम घेऊन बघा. चार गुणिले १३.१७ अधिक ४.८, म्हणजे ५७.५. एका एटीपीच्या ऐपतीबाहेर. तीनच का, याचं निम्मं उत्तर इथे आहे. निम्मंच म्हणते, कारण तीन सोडियम आणि तीन पोटॅशियमचा खर्च ४६.७ येतो आणि तो परवडणारा आहे. तरी पंप तसं करत नाही, कारण पोटॅशियमसाठी त्याच्यात दोनच जागा आहेत. ऊर्जेचा हिशोब काय अशक्य आहे ते सांगतो. शक्य असलेल्यांपैकी प्रत्यक्षात काय घडतं ते प्रथिनाची रचना ठरवते.

पायरी ७: विभवांतर बदलून बघा

लाल रक्तपेशीच्या पटलावर फक्त १० मिलिव्होल्टच्या आसपास विभवांतर असतं. तोच हिशोब ६.७५ च्या जागी ०.९६ घालून करा. सोडियम प्रत्येकी ७.३८, तिघांचे २२.१. पोटॅशियम प्रत्येकी ८.२०, दोघांचे १६.४. एकूण ३८.५.

दोन गोष्टी दिसतील. पोटॅशियमचा वाटा एकदम चाळीस टक्क्यांच्या वर गेला, म्हणजे "सोडियम महाग" हा नियम विभवांतरावर टेकलेला आहे. पण एकूण खर्च मात्र सहाच्या आतबाहेर किलोज्यूलने उतरला, कारण तीन धन भार बाहेर आणि दोन आत, निव्वळ एकच भार पटल ओलांडतो. विभवांतर ६० मिलिव्होल्टने कमी झालं, ९६.४८५ गुणिले ०.०६० किती येतात ते बघा. ५.८. हा पडताळा जुळला तर तुमची चिन्हं बरोबर आहेत.

पायरी ८: ऑक्सिजन कमी पडला तर

माझ्या मते सगळ्यात शिकवून जाणारी पायरी हीच. समजा रक्तपुरवठा तुटला आणि पेशीत एटीपी ५ वरून २ वर आला, एडीपी ०.५ झाला, फॉस्फेट साचून १५ वर गेला. गुणोत्तर ०.००३७५, लॉग उणे ५.५९, भर १४.४. जमा झाली ४४.९.

खर्च होता ४४.३. एटीपी अजून शिल्लक आहे, चांगला चाळीस टक्के, पण त्याची किंमत इतकी घसरली आहे की पंप जवळजवळ थांबला. एटीपी संपल्यावर पंप बंद पडतो असं आपण सहज म्हणून जातो, पण तो संपण्याच्या खूप आधीच अडचणीत येतो, आणि त्यात फॉस्फेट व एडीपी साचण्याचा हात मोठा असतो.

पण चित्र इथे गोठत नाही. गळतीने सोडियम आत येतच असतो. आतला सोडियम १२ वरून ३० झाला की एका सोडियमचा खर्च १०.८ वर येतो आणि एकूण ३७.२ वर. पंप पुन्हा थोडा फिरू लागतो, पण उतरलेल्या चढावर. ही घसरण चालू राहिली तर विभवांतर ढासळतं, क्लोराइड आणि पाणी आत शिरतं आणि पेशी फुगते. पेशीचं आकारमान टिकवणं हेही या पंपाचंच काम आहे, हे अशा वेळी उघड होतं.

पायरी ९: वेग आणि विद्युतप्रवाह

शरीराच्या तापमानाला एक पंप सेकंदाला सुमारे १०० फेऱ्या मारतो. म्हणजे ३०० सोडियम, २०० पोटॅशियम. उघड्या चॅनेलमधून सेकंदाला लाखो ते कोटीभर आयन जातात, त्यापुढे हा वेग नगण्य आहे. म्हणून पेशीला पंप भरमसाट लागतात.

प्रत्येक फेरीत एक भार बाहेर. १०० गुणिले १.६ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात, म्हणजे १.६ गुणिले दहाचा उणे सतरावा घात अँपिअर. दहा लाख पंपांचे १६ पिकोअँपिअर. हा प्रवाह पटल थोडंसं अधिक ऋण करतो, काही मिलिव्होल्ट इतकंच. विश्रांतीतलं मुख्य विभवांतर पोटॅशियमच्या गळतीतून येतं. पंप फक्त ती गळती चालू राहील एवढा साठा राखतो.

वेगावर ताबा कुणाचा? बाहेरचा ४ मिलिमोल पोटॅशियम पंपाला बऱ्यापैकी पुरेसा असतो. आतला सोडियम मात्र पंपाच्या जागा अर्धवटच भरेल इतका असतो, म्हणून तो जरा वाढला की पंप लगेच जोर धरतो.

पायरी १०: मूत्रपिंडावर हिशोब लावून पाहा

विश्रांतीत शरीर वापरत असलेल्या एटीपीपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा या पंपाकडे जातो. मेंदूत हा वाटा आणखी मोठा. पण मूत्रपिंडाचा हिशोब स्वतः करण्यासारखा आहे, कारण तो पहिल्या फटक्यात चुकतो.

दिवसाला १८० लिटर द्रव गाळला जातो, प्रत्येक लिटरमध्ये सुमारे १४० मिलिमोल सोडियम. म्हणजे २५ मोल, आणि त्यातला ९९ टक्के परत शोषला जातो. तीन सोडियमला एक एटीपी, म्हणजे दिवसाला ८.३ मोल एटीपी. ऑक्सिजनच्या एका रेणूमागे पाच एटीपी धरले तर १.६७ मोल ऑक्सिजन, ३७ लिटर. मिनिटाला २६ मिलिलिटर.

दोन्ही मूत्रपिंडं मिळून प्रत्यक्षात मिनिटाला १८ ते २० मिलिलिटरच्या आसपास ऑक्सिजन वापरतात, आणि तोही सगळ्या कामांसाठी मिळून. आपला आकडा मोजमापापेक्षा मोठा आला! आकडेमोड चुकलेली नाही. चूक आहे ती प्रत्येक सोडियम पंपातूनच जातो या गृहीतकात. नलिकेच्या सुरुवातीच्या भागात बराच सोडियम पेशींच्या मधल्या फटींतून, पंपाने आधी निर्माण केलेल्या फरकांच्या आधारावर, फुकट परत येतो. हिशोब जुळला नाही म्हणूनच ही वाट आपल्याला शोधावी लागली.

पायरी ११: साठवण कुठे खर्च होते

सोडियमच्या प्रत्येक मोलमागे १३.१७ किलोज्यूल साठवले आहेत. आतड्यातला एसजीएलटी१ हा वाहक दोन सोडियम उतारावरून आत सोडतो आणि त्यांच्यासोबत एक ग्लुकोज ओढून घेतो. २६.३ भागिले २.५७७ म्हणजे १०.२, त्याचा घातांक काढला तर सुमारे २७ हजार. म्हणजे तत्त्वतः हा वाहक ग्लुकोज २७ हजार पट गोळा करू शकतो. मूत्रपिंडातला एसजीएलटी२ एकच सोडियम वापरतो, त्याची मर्यादा १६५ पट. दोन्ही वाहक स्वतः एटीपीला हात लावत नाहीत. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडलेली ही जोडणीच जलसंजीवनीच्या मुळाशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरला ७५ मिलिमोल आहेत. साखर नुसती ताकदीसाठी नसते. ती सोडियमला आत घेऊन जाते, आणि पाणी मागोमाग जातं.

हृदयात हीच साठवण कॅल्शियम बाहेर काढायला लागते. डिगॉक्सिन हे हृदयावरचं औषध पंपाला बाहेरच्या बाजूने चिकटून अडवतं, आत सोडियम थोडा वाढतो, कॅल्शियम बाहेर टाकण्याचा जोर कमी होतो आणि ठोका जोरकस होतो. पोटॅशियम आणि डिगॉक्सिन पंपावर एकमेकांच्या आड येतात, म्हणून रक्तातला पोटॅशियम घटला की त्याच मात्रेत औषध विषारी ठरू शकतं.

पायरी १२: प्रयोगशाळेत मोजताना

पटलांच्या नमुन्यात सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि एटीपी घालून सुटणारा फॉस्फेट मॉलिब्डेटच्या रंगावरून मोजतात. पण नमुन्यात एटीपी फोडणारी इतरही एन्झाइमं असतात. म्हणून दुसऱ्या नळीत वाबेन (फक्त हाच पंप अडवणारं रसायन) घालून पंप बंद करतात, आणि दोन्हींतली वजाबाकी म्हणजे आपल्या पंपाचं काम. इथे जपायचं ते प्राण्याच्या निवडीत. माणसाचा पंप वाबेनच्या मायक्रोमोलर मात्रेला बंद पडतो. उंदीर आणि घुशीचा पहिला अल्फा प्रकार त्याला दाद देत नाही, मिलिमोलर मात्रा लागते. माणसाची मात्रा तशीच उचलून उंदराच्या मूत्रपिंडावर वापरली तर वजाबाकी शून्याच्या जवळ येते आणि नमुन्यात पंपच नाही असा समज होतो.

जिवंत पेशींत आयनांची ये-जा मोजायची तर पोटॅशियमऐवजी किरणोत्सारी रुबिडियम ८६ देतात. पंप त्याला पोटॅशियम समजूनच आत घेतो.

आणि तापमान. पंप थंडीत जवळजवळ थांबतो, गळती मात्र चालू राहते. रक्ताचा नमुना पेशी वेगळ्या न करता रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला तर लाल पेशींतला पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतो. सकाळच्या अहवालात पोटॅशियम धोकादायक दिसतो, रुग्णाच्या शरीरात तो अगदी व्यवस्थित असतो. असा अहवाल हाती आला आणि ईसीजी व मूत्रपिंडाचं काम ठीक असेल, तर नमुना कधी घेतला, कुठे ठेवला आणि पेशी कधी वेगळ्या केल्या हे आधी विचारा, आणि ताजा नमुना पाठवा.